कळते, पण जीभ वळत नाही

मूल उशिरा बोलू लागले की आपल्या घरांतून ठरलेली वाक्ये निघतात. ‘त्याचा बाबाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’, ‘जीभ जड आहे’, ‘एकदा सुरू झाला की थांबवावा लागेल’. म्हातारपणी अर्धांगाचा झटका आला तर एकच निदान: ‘वाचा गेली’. मराठीत मुका, बोबडा, तोतरा असे शब्द पुष्कळ आहेत. पण शब्दच न आठवणे, शब्द ठाऊक असून उच्चाराची जुळवाजुळव न होणे, आणि जुळवाजुळव ठीक असून स्नायूच लुळे पडणे, या तीन गोष्टी वेगळ्या दाखवणारे शब्द आपल्या बोलण्यात नाहीत. याबद्दल मराठीला बोल लावण्याचे कारण नाही. पाश्चात्त्य वैद्यकालाही ही तीन खाती वेगळी करायला शंभरावर वर्षे लागली, आणि त्यातला मोठा भाग आपण राहतो त्याच देशात, मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी पार पडला.

आपल्या परंपरेने वाणीचे परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी असे चार टप्पे मानले. ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ हा सूर मला लावायचा नाही. ती मांडणी तत्त्वचिंतकांची होती, रुग्ण तपासणाऱ्यांची नव्हे. पण मनातला आशय आणि तोंडातला आवाज यांच्यामध्ये पायऱ्या आहेत, ही कल्पना तरी मराठी वाचकाला परकी वाटू नये.

गोष्ट सुरू होते पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात. लबोर्न नावाचा एक रुग्ण तेथे एकवीस वर्षे होता. काहीही विचारा, तो ‘तां, तां’ एवढेच म्हणे. मात्र संतापला की एक शिवी स्वच्छ बाहेर पडे! १८६१ च्या एप्रिलमध्ये तो वारला आणि शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. ब्रोका यांचे नाव शाळेच्या पुस्तकांत आले ते यामुळे. पण त्यांचे दुसरे निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते: या माणसाला बोललेले बरेचसे कळत होते, जीभही हलत होती, हरवले होते ते उच्चारांची जुळणी करण्याचे कसब. त्याला त्यांनी ‘अफेमी’ म्हटले. तीनच वर्षांत त्रुसो यांनी ‘अफेझिया’ हा शब्द पुढे आणला, तोच रूढ झाला आणि भाषा हरवणे व उच्चार हरवणे पुन्हा एकाच पोत्यात गेले.

१९०० मध्ये बर्लिनच्या ह्यूगो लीपमन यांनी एक सरकारी अधिकारी तपासला. लोक त्याला बुद्धिभ्रष्ट समजत होते. उजव्या हाताने सांगितलेली साधी कृती त्याला जमेना. लीपमन यांनी तीच डाव्या हाताने करून घेतली तर तो ती नीट करी. म्हणजे सूचना समजत होती, हातात ताकदही होती. बिघाड मधल्या टप्प्यात होता. याला त्यांनी ‘अ‍ॅप्रॅक्सिया’ म्हटले. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचे तर प्रोग्रॅम ठीक, प्रिंटरही ठीक. बिघडला तो मधला ड्रायव्हर. उपमा ताणू नये, कारण मेंदूत ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करता येत नाही, तो सरावानेच घडवावा लागतो.

हा विचार बोलण्याला पद्धतशीर लावला तो मेयो क्लिनिकच्या फ्रेडरिक डार्ली यांनी. अर्नॉल्ड अ‍ॅरनसन आणि ज्यो ब्राउन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २१२ रुग्णांच्या बोलण्याच्या ध्वनिफिती ऐकल्या. रुग्ण मज्जासंस्थेच्या आजारांच्या सात गटांतले होते. आवाजाची पट्टी, नाकातून येणारा सूर, वेग, श्वास अशा ३८ बाबींना तिघांनी गुण दिले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून ‘डिसआर्थ्रिया’चे, म्हणजे स्नायूंची शक्ती किंवा ताबा बिघडल्याने होणाऱ्या सदोष उच्चाराचे, प्रकार कानाने ओळखता येऊ लागले. पार्किन्सनच्या रुग्णाचा सपाट, दबका आवाज वेगळा आणि लहान मेंदूच्या विकारातले झोकांडे खाणारे बोलणे वेगळे. डार्लींनी त्याच सुमारास ‘बोलण्याचा अ‍ॅप्रॅक्सिया’ वेगळा मांडला आणि १९७५ च्या तिघांच्या ग्रंथात दोन्ही शेजारी आले. आक्षेप आले, वाद झाले, मेंदूतल्या नेमक्या जागेबद्दलचा वाद तर १९९६ मध्ये नीना ड्रॉंकर्स यांनी ‘इन्सुला’कडे बोट दाखवल्यावर आणखी रंगला. ते येथे सोडून देऊ.

तपासणीतली एक कसरत मात्र सांगितलीच पाहिजे. रुग्णाला ‘प-प-प’, मग ‘ट-ट-ट’, मग ‘क-क-क’ आणि शेवटी ‘प-ट-क, प-ट-क’ भराभर म्हणायला लावतात. आपली वर्णमाला कंठापासून ओठांकडे येते. ही कसरत ओठांपासून कंठाकडे जाते. स्नायू दुबळे असतील तर सगळेच मंद आणि अस्पष्ट होते. अ‍ॅप्रॅक्सियात एकेक अक्षर बरे जमते, पण ‘प-ट-क’ची साखळी तुटते, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी. लबोर्नच्या शिवीचे कोडेही येथे सुटते. पाठ झालेले, आपसूक येणारे बोलणे पुष्कळदा शाबूत राहते. झटक्यानंतर आजोबा रामरक्षा सुरू करतात, एक ते दहा मोजतात, आणि ‘पाणी’ मागताना मात्र घामाघूम होतात. मग घरात कोणीतरी म्हणते, ‘हवे तेव्हा येते की बोलायला.’ ते नाटक नसते.

मुलांच्या बाबतीत निवाडा अधिक अवघड. त्यांचे आलेले बोलणे हरवलेले नसते. ते मुळात आलेलेच नसते. योस आणि डार्ली यांनी १९७४ मध्ये मुलांमधल्या अ‍ॅप्रॅक्सियाची लक्षणे मांडली, पण यादीवर एकमत होईना. अखेर २००७ मध्ये अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने तीन खुणा पुढे ठेवल्या: तोच शब्द दर वेळी वेगळा चुकणे, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना अडणे, आणि बोलण्याची लय व आघात चुकणे. उशिरा बोलणारे प्रत्येक मूल यात बसत नाही, बहुतेक बसत नाहीत.

आता आपल्या घरचा प्रश्न. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला डॉक्टरांनी सांगितले, ‘घरात मराठी बंद करा, मुलाचा गोंधळ होतो.’ आजीने इंग्रजी शिकायला घेतले आणि मुलाशी बोलणेच सोडले. या सल्ल्यालाही इतिहास आहे. १९२६ मध्ये फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी स्थलांतरितांच्या मुलांचे बुद्धिमापनातले कमी गुण घरातल्या परभाषेशी जोडले होते. चाचण्या इंग्रजी वातावरणातल्या, आणि दोष घराला! १९६२ मध्ये माँट्रियलच्या पील आणि लँबर्ट यांनी दुभाषी मुले मागे नव्हे तर पुढे असल्याचे दाखवले, तरी जुना समज दवाखान्यांत रेंगाळला. अ‍ॅप्रॅक्सिया दोन भाषांमुळे होत नाही. जुळवाजुळवीचा अडथळा इंग्रजीतही तोच असतो. मराठी बंद केल्याने फक्त बोलायला असलेली माणसे कमी होतात.

कायदाही येथे आपल्या बाजूने आहे. १९७५ च्या संघराज्याच्या कायद्याने, जो १९९० पासून ‘आयडिया’ या नावाने ओळखला जातो, मुलाची चाचणी शक्य तेथे त्याच्या मातृभाषेत घ्यावी असे बंधन घातले. तीन वर्षांखालील मुलांसाठी १९८६ ची तरतूद आहे, पुढे जबाबदारी शाळा-डिस्ट्रिक्टची. मराठी जाणणारा थेरपिस्ट मिळणे कठीण, पण दुभाष्या मागता येतो, आणि मागणी लेखी करावी.

उपचार म्हणजे थोडे शब्द, पुष्कळ आवृत्त्या, वारंवार. ‘माझ्याकडे बघ, ऐक, माझ्याबरोबर म्हण’ ही रीत १९७३ मध्ये रोझनबेक आणि सहकाऱ्यांनी प्रौढांसाठी बांधली. मुलांसाठी मेयोच्याच ईडिथ स्ट्रँड यांनी ती घडवली. हे शब्द मराठी असायला हरकत नाही, यादी आईवडिलांनी द्यायची. आई, बाबा, मामा सोपे, ओठ दिसतात. ‘दे’ आणि ‘नको’ रोज लागतात, म्हणून लवकर घ्यावेत. ‘आजी’तला ‘ज’ मात्र अवघड, जीभ टाळूला कुठे लागते ते मुलाला दिसत नाही. त्यामुळे पुण्याहून फोनच्या पडद्यावर रोज वाट पाहणाऱ्या आजीचा नंबर मामाच्या नंतर लागतो.