बोच्चोनीची आई

आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला घरच्यांनी तिचा तिशीतला, स्टुडिओत काढलेला फोटो निवडला. छान आहे, पण त्या बाईला मी कधी पाहिलंच नव्हतं. माझी आई म्हणजे जाड भुवया, सुटलेली हनुवटी आणि कपाळावर ढकललेला चष्मा.

त्याच दिवसांत उंबेर्तो बोच्चोनीचं 'आन्तिग्रात्सिओझो' पाहण्यात आलं, तेही छायाचित्रातच. नावाचा अर्थ साधारण 'लालित्यविरोधी'. १९१३ साली, वयाच्या तिशीत, त्याने केलेलं आपल्या आईचं, चेचिलिया फोर्लानीचं, हे शिल्प. नाक बोजड, गाल पिळून काढल्यासारखे, आणि या सगळ्यातून डोकावणारं एक हसू. पिकासोने १९०९ साली केलेलं फेर्नांदचं मस्तक त्याच्या डोळ्यांपुढे असणार, असं अभ्यासक सांगतात. असेलही. पण पिकासोने प्रेयसी फोडली, याने आई. हा फरक मला लहान वाटत नाही. आणि ही त्याची नेहमीची मॉडेल होती. १९१२ च्या 'मातेरिया' या भल्यामोठ्या चित्रात बाल्कनीत बसलेली तीच आहे, पुढे गुंफलेले प्रचंड हात घेऊन.

गंमत पुढेच आहे. एप्रिल १९१२ च्या फ्यूचरिस्ट शिल्पकलेच्या जाहीरनाम्यात बोच्चोनीने संगमरवर आणि ब्राँझ यांच्या खानदानीपणावर हल्ला चढवला होता. काच, लाकूड, पुठ्ठा, सिमेंट, घोड्याचे केस, आरसे, विजेचे दिवे, काहीही चालेल. एकाच शिल्पात वीस प्रकारचं सामान असलं तरी हरकत नाही! आईच्या एका मस्तकात त्याने खरी खिडकीची चौकट बसवलीही. ते आज फक्त फोटोत उरलंय. ऑगस्ट १९१६ मध्ये लष्करी सरावात, व्हेरोनाजवळ, घोड्यावरून पडून तो गेला. वय ३३. त्यानंतर त्याची बहुतेक प्लास्टरची शिल्पं नष्ट झाली. 'आन्तिग्रात्सिओझो' वाचलं, आणि १९५०-५१ मध्ये त्यावरून ओतकाम झालं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे ती ब्राँझचीच प्रत.

म्हणजे ज्या धातूला त्याने नावं ठेवली, त्यातच आई टिकली. तो असता तर चिडला असता, असं मला वाटतं. मात्र ब्राँझने तिला गोंडस केलेलं नाही. उलट त्या काळपट पृष्ठभागावर उजेड अडखळत पडतो आणि नाक आणखीच बोजड दिसतं.

आमच्या भिंतीवर स्टुडिओतलाच फोटो आहे. चष्मा वर ढकललेला माझ्या कपाटात.