जुना गॅस मास्क तोंडाला का लावायचा नसतो?

दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश गॅस मास्क आजही ऑनलाइन विकत मिळतो. घेणारे बहुतेक जुन्या लष्करी वस्तू जमवणारे, नाहीतर त्या काळचा गणवेश घालून लढाईचे प्रसंग उभे करणारे. मास्क हातात आला की तोंडाला लावून फोटो काढायचा मोह होतो. नेमकं तेच टाळायचं असतं.

एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनीने क्लोरीन वायू सोडला आणि मास्क सैनिकाच्या सामानात आला. पुढे विमानं शहरांवर वायू टाकतील या भीतीने ब्रिटनने सामान्य लोकांनाही मास्क दिले. सप्टेंबर १९३९ पर्यंत सुमारे ३ कोटी ८० लाख वाटून झाले होते. वायूहल्ला झालाच नाही, मास्क मात्र माळ्यांवर पडून राहिले.

धोका आहे तो फिल्टरच्या डब्यात. त्यातला कोळसा विषारी वायू शोषतो, पण धुराचे बारीक कण त्यातून निसटतात. ते अडवायला तंतूंचा थर लागतो आणि बऱ्याच मास्कमध्ये हे तंतू ॲस्बेस्टॉसचे होते. सिमेंटच्या पत्र्यांमुळे हे नाव आपल्या ओळखीचं आहे. मात्र पत्र्यात साधारणपणे पांढरा ॲस्बेस्टॉस असतो, तर मास्कमध्ये अनेकदा त्याहून कितीतरी घातक असा निळा वापरलेला असे. तो थर जुना होऊन सुटू लागला की श्वासाबरोबर तंतू थेट फुप्फुसात जातात.

त्याचा परिणाम दिसायला काही दशकं लागतात. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात हे फिल्टर बनवणाऱ्या कामगार बहुतांश बायका होत्या. युद्ध संपून कित्येक वर्षं झाल्यावर त्यांच्यापैकी अनेकींना फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झाला. शत्रूचा वायू त्यांनी एकदाही हुंगला नव्हता.

२०१४ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने शाळांना सांगितलं, की इतिहासाच्या तासाला असे मास्क मुलांना घालायला किंवा हाताळायलाही देऊ नका.

मग संग्रहात ठेवायचाच नाही का? ठेवता येतो. जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बंद करून, वर चिठ्ठी लावून. डबा उघडून बघायचा नाही, हलवायचा नाही, झाडूनही काढायचा नाही. ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसतं पाहून कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. “फिल्टर चालू स्थितीत” असं विकणारा लिहीत असेल, तर त्याला काहीच अर्थ नाही. प्रयोगासाठी किंवा रीलसाठी नव्याने बनवलेली प्रतिकृती घ्यावी. नाहीतर खांद्याला नुसती मास्कची पिशवी अडकवावी, बघणाऱ्याला तेवढ्याने कळतं.