झडतीनंतरचे घर

१८९७ च्या प्लेगाचा विषय निघाला की मराठी मनाला प्रथम आठवते ती गणेशखिंडीतील रात्र. २२ जून, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, रोषणाई, परतणाऱ्या गाड्या आणि चापेकर बंधूंच्या गोळ्या. पाठ्यपुस्तकांनी ही रात्र पिढ्यान् पिढ्या सांगितली, १९७९ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. त्या रात्रीच्या आधीचे तीन महिने मात्र आपल्या स्मृतीत एका शब्दात आटोपले आहेत : रँडशाही. या शब्दाने अत्याचारी कोण ते कळते. ज्या घरांची झडती झाली त्या घरांत त्यानंतर माणसे कशी राहिली, हे कळत नाही. आम्हांला येथे थोडे त्या घरांविषयी बोलायचे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागातील रोग्यांची तपासणी करताना डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले. लोक मुंबई सोडून लाखांनी बाहेर पडले, आणि आगगाडीबरोबर रोगही फिरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला जवळजवळ वाटेल तो नियम करण्याची मुभा देत होता. त्याचे चौथे कलम विशेष वाचण्याजोगे आहे : या कायद्यान्वये सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. कायदा इतका आखूड असला की त्यातला प्रत्येक शब्द दांडग्या अंगाचा होतो.

पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे आले आणि मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सैनिकांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगी इस्पितळात, घरची माणसे सेग्रिगेशनच्या छावणीत, कपडेलत्ते जाळायचे, जमीन उकरायची, भिंतींना चुना फासायचा, असा क्रम. मृत्यूची नोंद झाल्याखेरीज अंत्यविधी करायचा नाही, हाही नियम होता. कागदावर यातले बरेचसे त्या काळच्या वैद्यकाला धरूनच होते. परंतु पुण्याचा वाडा कागदासारखा सपाट नसतो. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर अशी त्याची रचना म्हणजे कोणी कोठवर यावे याचा एक अलिखित कायदाच. बूट घातलेला शिपाई थेट चुलीपर्यंत गेला, तेव्हा मोडला तो हा कायदा. दामोदर चापेकरांच्या जबानीत मूर्तींच्या विटंबनेचा आणि पवित्र स्थळे बाटविल्याचा उल्लेख येतो, तो या दृष्टीने पाहावा.

याचा पहिला परिणाम म्हणजे लपवालपवी. ताप आलेले माणूस माळ्यावर, अडगळीत, शेजाऱ्याच्या परसात दडवायचे. मेलेच तर गाजावाजा न करता उरकायचे. म्हणजे रोग उघडकीस आणण्यासाठी केलेल्या नियमांनीच तो घराच्या आत कोंडला. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा धाक वाटू लागला, कारण खबर देणारा कोणीही असू शकत होता. ज्या समाजात मर्तिकाला चार खांदे न मागता मिळत, तेथे मर्तिक ही चोरून करण्याची गोष्ट झाली. हा खर्च कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

दुसरा परिणाम स्त्रियांच्या वाट्याला आला, आणि त्याची हकिकत विलक्षण आहे. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत गेलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांच्या बलात्काराचा आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मधून केला. परत आल्यावर तो सिद्ध करण्यास कोणी पुढे येईना आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ही माफी गोखल्यांच्या चरित्रात नेहमी त्यांच्या सचोटीचा किंवा दुबळेपणाचा दाखला म्हणून येते. पण ज्या समाजात तक्रार करणारीचेच नाव बद्दू होणार, तेथे साक्षीला कोण उभी राहणार होती? त्याच वर्षी मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या अवस्थेवर ठपका ठेवला होता. धर्मांतरामुळे पुण्याने दूर लोटलेली ही बाई पुण्याच्या बायकांविषयी नावानिशी बोलत होती. हा विरोधाभास आम्हांला कादंबरीच्या तोलाचा वाटतो.

वाड्यातील सोवळ्याओवळ्याचे दुःख पत्रांत आले, कारण पत्रे वाड्यातूनच निघत होती. टिळकांनी विलगीकरणाची गरज नाकारली नव्हती. त्यांचा रोख पद्धतीवर होता, शिवाय शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवरही होता. पण ज्यांना स्पर्श नाकारणे हा जगाचा नित्याचा व्यवहार होता, त्यांच्या वस्तीत प्लेगाचा निर्बंध कसा दिसला असेल? सावित्रीबाई फुल्यांचा मृत्यू १० मार्च १८९७ चा, म्हणजे झडत्या सुरू होण्याच्या जरा आधीचा. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या यशवंतांच्या दवाखान्यात आल्या आणि त्यांनाच लागण झाली. विटाळाच्या त्या शहरात त्यांनी तापलेले मूल अंगाला लावून घेतले.

मुंबईची गोष्ट निराळी. तेथे ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता आणि मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील जुलाह्यांच्या वस्तीत तपासणीवरून दंगल पेटली. कामगार गावी निघून गेल्यामुळे गिरणीमालकांना काही काळ रोजच्या रोज मजुरी चुकवावी लागली. साथीने मजुराला किंचित भाव आणून दिला, हे नवलच. पुढे सरकारने सक्ती सैल केली. याच सुमारास, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदराच्या पिसवेचे काम दाखवून दिले, पण ते सर्वमान्य होण्यास वर्षे गेली. म्हणजे माणसांवर पहारा बसला होता तेव्हा उंदीर मोकळे होते. रोगाने मात्र देशात पुढील काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यामुळे निर्बंधच नकोत, असे कोणी या इतिहासावरून म्हणू लागला तर ते आम्हांला मान्य नाही.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. भाषेचे शिक्षक म्हणून आमचे लक्ष शब्दांकडे गेले. ‘टाळेबंदी’ हा शब्द तोपर्यंत गिरणीच्या दाराशी संबंधित होता, मालकाने लावलेल्या कुलपाशी. तो एका रात्रीत घराच्या दाराला लागला. ‘सामाजिक अंतर’ या शब्दाचे महाराष्ट्राला वेगळे भाषांतर करून सांगण्याची गरजच नव्हती, ते येथे शतकानुशतके पाळले गेले आहे. ‘शारीरिक अंतर’ म्हणा, असा आग्रह अनेकांनी धरला तो उगीच नव्हे. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा आली, आणि १८९७ चे वाडे आमच्या विद्यार्थ्यांना प्रथमच समजले असावेत. एकाने विचारले, त्या वेळी छावणीतून परतलेल्या माणसांना त्यांचे घर तसेच मिळाले का? उकरलेली जमीन, पांढऱ्या भिंती, जळलेली गोधडी.

सक्ती ओसरल्यावर गावोगाव एक वेगळीच रीत पडली. घरात उंदीर पडला की लोक आपणहून घराला कडी घालून माळावर जात, पाचटाच्या, चटयांच्या झोपड्या बांधत आणि साथ सरेपर्यंत तेथेच नांदत. शिपायाची गरज पडत नसे. वृद्धांच्या तोंडून या मुक्कामाच्या आठवणी ऐकताना आम्हांला नेहमी वाटे की ही मंडळी एखाद्या जत्रेविषयी बोलत आहेत : उघड्यावरची चूल, थंडी, शेजारच्या झोपडीतील मुले. मग मध्येच एखादे नाव येई आणि बोलणे थांबे.