‘उष्टावण’ : शब्द आणि आचार

१९९९ साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचे मुख्य पीक धान. तेव्हा तेथील बालकाचा पहिला घास भाताचा असावा, हे ओघानेच येते. आश्वलायन गृह्यसूत्र अन्नप्राशनास सहावा महिना सांगते, दही-मध-तूप मिश्रित अन्न सुचविते (वर्षाच्या आत मध आजचे वैद्यक वर्ज्य मानते) आणि ‘प्राशयेत्’ हे प्रयोजक रूप योजते : कर्तृत्व भरविणाऱ्याचे. मराठीने मात्र ‘उच्छिष्ट’ > ‘उष्टे’ यापासून ‘उष्टावण’ घडविले. आणि अन्न उष्टे होते ते खाणाऱ्याच्याच मुखस्पर्शाने! मुलाने स्वहस्ते खावे, हे गिल रॅप्ले व ट्रेसी मर्केट यांनी २००८ साली ग्रंथरूपाने मांडलेले मत या शब्दाच्या निकट येते. तथापि शब्दावरून आचाराचे अनुमान काढता येणार नाही. विधीतला घास वडीलधाऱ्यांच्याच हातचा राहिला.