९३ ग्रॅम रुग्णालयीन कचरा

ब्राझीलमधील गोयानिया शहरातले एक किरणोपचार केंद्र १९८५च्या अखेरीस दुसऱ्या जागेत गेले. कर्करोगावरील एक यंत्र मात्र जुन्या इमारतीतच राहिले. परवाना देणाऱ्या यंत्रणेला तसे कळवणे बंधनकारक होते. कोणी कळवले नाही. यंत्रात सीझियम-१३७चे किरणोत्सारी क्षार होते, अवघे ९३ ग्रॅम.

१३ सप्टेंबर १९८७ रोजी दोघा भंगारवेचकांनी त्या ओसाड वास्तूतून यंत्राचा तो भाग काढला, पुढे भंगारवाल्याला विकला. फुटलेल्या कुपीतील भुकटी अंधारात निळसर चमके. भंगारवाल्याने ती नवलाई म्हणून आप्तेष्टांत वाटली. कोणी अंगालाही चोळली. सहा वर्षांच्या एका मुलीने भुकटी लागलेल्या हातांनीच जेवण केले. माणसे आजारी पडू लागली, तेव्हा त्या वस्तूचा संशय प्रथम आला तो भंगारवाल्याच्या पत्नीला, डॉक्टरांना नव्हे! अवशेष पिशवीत घालून तिने ते बसने आरोग्य खात्याच्या कचेरीत नेले. २९ सप्टेंबरला उलगडा झाला.

सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली. २४९ जण बाधित आढळले. ती पत्नी आणि ती मुलगी धरून चौघे दगावले. मुलीच्या दफनाला विरोध करणाऱ्या जमावाने दगडफेक केली.

पाडलेली घरे, खरवडलेली माती, घरगुती सामान मिळून सुमारे ३,५०० घनमीटर कचरा निघाला. तो आजही शहराजवळच्या आबादिया दे गोयास येथे पुरलेला आहे.