शिवाजी विद्यापीठ : साठवलेलं पाणी आणि 'कमवा व शिका'

कोल्हापूरच्या सागरमाळावर १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. आवार ८५३ एकरांचं. एकेकाळच्या या माळावर आज दाट झाडी आहे. पावसाचं पाणी आवारातल्याच तलाव-विहिरींत साठवून वापरलं जातं.

गरजू विद्यार्थ्यांसाठी इथे 'कमवा व शिका' योजना आहे. आवारातच रोज काही तास काम करायचं, त्यावर राहण्या-जेवणाचा खर्च भागवायचा. शाहू महाराजांच्या आधारानं १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग निघालं, तेही बाहेरगावच्या गरीब मुलांची सोय व्हावी म्हणूनच.

आपल्याकडे बीए, बीकॉम झालं की पैशाअभावी बरीच मुलं शिक्षण सोडतात. तसं करण्याआधी वालिदैननी विद्यापीठात जाऊन या योजनेची चौकशी जरूर करावी, मुलींसाठीसुद्धा.