शुगर, साखर आणि डर्बनचा दवाखाना

आमच्याकडे ‘साखर’ आणि ‘शुगर’ हे दोन वेगळे शब्द आहेत. साखर डब्यात असते आणि शुगर रक्तात. साखर संपली की वाण्याकडे जायचं, शुगर वाढली की डॉक्टरकडे. गंमत म्हणजे दोन्ही शब्द आपल्या संस्कृत ‘शर्करा’चीच लेकरं. एक घरीच राहिलं. दुसरं फारसी, अरबी, लॅटिन, फ्रेंच असा प्रवास करत इंग्रजांकडे गेलं आणि आजाराचं नाव होऊन परत आलं!

घरात कुणाला शुगर निघाली की वडीलधाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. "आपल्या रक्तातच आहे ते." आजोबांना होती, मोठ्या काकांना होती, आत्याला आहे... जणू काही वतनच. हे वाक्य उच्चारलं की सगळे सुटतात. जे रक्तात आहे त्याला कोण काय करणार? मग दुसरा चहा येतो, तोही साखर घातलेला.

मला हे वाक्य बरीच वर्षं सलत होतं. ते खरं आहे की नुसतंच सोयीचं, हे कसं तपासणार? एकाच रक्ताची माणसं दोन वेगळ्या देशांत ठेवायची, एकीकडे भरपूर साखर द्यायची, दुसरीकडे कमी, आणि दोन-तीन पिढ्या वाट पाहायची. असा प्रयोग मुद्दाम कोण करणार? पण इतिहासाने तो करून ठेवला आहे. आपल्याच माणसांवर, आणि तोही उसाच्या मळ्यांच्या पायी.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नाताळ नावाची ब्रिटिश वसाहत होती. तिथे ऊस उत्तम येतो हे गोऱ्या मळेवाल्यांना १८५० च्या सुमारास कळलं. अडचण होती ती मजुरांची. तिथल्या झुलू लोकांकडे स्वतःची जमीन होती, गुरं होती. मळेवाले देतील त्या मजुरीवर बारा महिने राबायची त्यांना गरज नव्हती. मॉरिशसच्या मळेवाल्यांनी गुलामगिरी सुटल्यावर १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली होतीच. तोच कित्ता नाताळने गिरवला. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ नावाचं जहाज मद्रासहून डर्बनला लागलं. त्यात ३४२ माणसं होती. करार पाच वर्षांचा (‘अ‍ॅग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ झालं ते असं), पगार पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, पुढे वर्षाला एक शिलिंग वाढ, आणि शिधा म्हणून तांदूळ, डाळ, मीठ, खारे मासे वगैरे. १९११ मध्ये ही भरती थांबली तोवर दीड लाखाच्या आसपास माणसं नाताळात उतरली होती. बहुतेक तमिळ, तेलुगू आणि बिहार-संयुक्त प्रांताकडची भोजपुरी. बरीचशी परत गेलीच नाहीत.

याच डर्बनला गांधीजी १८९३ मध्ये उतरले. पुढची लढ्याची गोष्ट आपल्याला शाळेतच शिकवलेली असते. गिरमिट्यांची मुलं-नातवंडं काय खात होती, हे मात्र कुणी शिकवत नाही.

ती माहिती मिळते दवाखान्यातून. डर्बनमध्ये किंग एडवर्ड आठवा रुग्णालय होतं, वर्णभेदाच्या काळात फक्त काळ्या आणि भारतीय रुग्णांसाठी. तिथला मधुमेहाचा विभाग जॉर्ज कॅम्पबेल नावाचे डॉक्टर चालवत असत. काळ १९५० आणि ६० च्या दशकांचा. त्यांच्यापुढे रोज दोन रांगा येत, भारतीयांची आणि झुलूंची. मधुमेह्यांच्या रांगेत भारतीयांची गर्दी उसळत होती. इतकी, की भारतातून येणाऱ्या तेव्हाच्या आकड्यांशी काही मेळच बसेना. भारतात मधुमेहाचं प्रमाण शंभरात एखादा असावा असा तेव्हाचा अंदाज होता. मग त्याच गावांतून निघालेल्या माणसांच्या नातवंडांना डर्बनमध्ये हे काय झालं? रक्त तर तेच!

कॅम्पबेल ताटाकडे वळले. भारतात तेव्हा माणशी वर्षाला साखर खपायची सुमारे बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलो. नाताळमधल्या कष्टकरी भारतीय घरांत ती होती ऐंशी पौंडांच्या आसपास. छत्तीस किलो! दिवसाला शंभर ग्रॅम. चमच्याने मोजायची तर वीसहून अधिक चमचे. (आपल्याकडे तेव्हा साखरेपेक्षा गूळच जास्त खाल्ला जाई. तो जमेला धरला तर ही तफावत कमी होते, पण मिटत नाही.) साखर तिथे घरामागेच तयार होत होती, स्वस्त होती, आणि कष्टकऱ्याला पटकन तरतरी देणारी होती. त्यांच्या नोंदींत अशीही माणसं आहेत की जी दिवसाला जेमतेम १६०० उष्मांक खात होती आणि तरीही स्थूल होती, मधुमेही होती. गरीब, पोट अर्धवट भरलेलं, आणि लठ्ठ! लठ्ठपणा म्हणजे खादाडपणा आणि मधुमेह म्हणजे शेठजींचा आजार, हे ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

दुसरी रांग झुलूंची. खेड्यात राहणाऱ्या झुलूंमध्ये मधुमेह जवळपास नव्हताच. शहरात आलेल्यांमध्ये तो दिसायचा, पण लगेच नाही. कॅम्पबेल प्रत्येकाला विचारत, शहरात येऊन किती वर्षं झाली? उत्तर पुन्हा पुन्हा वीसच्या आगेमागे येई. याला त्यांनी ‘वीस वर्षांचा नियम’ म्हटलं. आज खाल्लेल्याचं बिल वीस वर्षांनी येतं. त्यामुळेच खाणं आणि बिल यांचा संबंध कुणाला दिसत नाही.

हे सगळं त्यांनी टी. एल. क्लीव्ह या ब्रिटिश आरमारातल्या डॉक्टरबरोबर १९६६ मध्ये पुस्तकात मांडलं. क्लीव्ह हे भलतंच प्रकरण होतं. युद्धात खलाशांच्या बद्धकोष्ठावर त्यांनी गव्हाचा कोंडा चारला होता, त्यावरून त्यांना ‘कोंडेवाला’ म्हणत. त्यांचं म्हणणं असं, की साखर आणि मैदा ही गाळून-चाळून सत्त्व काढलेली खाद्यं हेच एका मूळ रोगाचं कारण, आणि मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा, दातांची कीड ही त्याचीच वेगवेगळी रूपं. जरा अतीच म्हणायचे. सगळ्या रोगांना एकच कारण सांगणाऱ्या माणसापासून मी नेहमी दोन हात लांब राहतो. पण त्यांच्या पुस्तकातली डर्बनची आकडेवारी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

तरी ती बाजूला पडलीच. साठच्या दशकात सगळ्यांचं लक्ष होतं चरबीवर. अमेरिकेत अ‍ॅन्सेल कीज यांनी हृदयविकाराचा दोष तुपा-लोण्यावर ठेवला होता. (त्यातही तथ्य आहे, नाही असं नाही.) लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन साखरेकडे बोट दाखवत होते, १९७२ मध्ये त्यांनी ‘शुद्ध, पांढरी आणि जीवघेणी’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं आणि कीज यांनी त्यांची टर उडवली. यात साखरवाल्यांचा हात किती होता ते बऱ्याच उशिरा कळलं. १९६५ मध्ये ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना साडेसहा हजार डॉलर देऊन एक आढावा लिहून घेतला. १९६७ मध्ये तो एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. साखरेवरचे पुरावे त्यात कमजोर ठरवले होते आणि पैसे कुणी दिले याचा उल्लेखही नव्हता. तसा उल्लेख करायची तेव्हा सक्ती नव्हती, हेही सांगायला हवं. क्रिस्टिन कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी पत्रं धुंडाळून २०१६ मध्ये हे प्रकरण उघड केलं. युडकिन १९९५ मध्येच गेले होते.

आज काय मानतात ते थोडक्यात सांगतो. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, फ्रुक्टोजचा भार मुख्यतः यकृतावर पडतो. गरजेपेक्षा जास्त आलं की यकृत त्याची चरबी करतं. ती यकृतातच साठू लागली की इन्शुलिनला दाद मिळेनाशी होते, स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं आणि अखेर थकतं. वजनाचं गणित मात्र साधं आहे. एकूण उष्मांक तेवढेच ठेवून साखरेच्या जागी दुसरं पिष्ट दिलं तर वजनात फरक पडत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. साखर लठ्ठ करते ती नकळत जास्त पोटात जाते म्हणून, विशेषतः पेयांतून, कारण प्यायलेल्या साखरेची पोट नोंदच घेत नाही. अमेरिकेतल्या नव्वद हजारांहून अधिक परिचारिकांच्या अभ्यासात (२००४) रोज एक किंवा जास्त गोड पेय घेणाऱ्यांना मधुमेहाचा धोका महिन्यातून एखादंही न घेणाऱ्यांपेक्षा ८३ टक्के जास्त आढळला. त्यातला काही भाग वाढलेल्या वजनामुळे होता, सगळा नव्हे.

आता "रक्तातच आहे" वाल्यांची बाजू. ती खोटी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटंसं टिपण लिहिलं, सोबत लंडनचे डॉ. जॉन एस. युडकिन. (हे वेगळे, वरचे प्राध्यापक नव्हेत.) शेजारी शेजारी उभ्या या दोन डॉक्टरांचा फोटोही त्यात आहे. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, असा आपला बांधा. आईच्या पोटात असल्यापासूनच्या कुपोषणाशी याज्ञिक त्याचा संबंध जोडतात. डर्बनच्या त्या १६०० उष्मांकवाल्या माणसाचं कोडं इथे थोडं उलगडतं. शिवाय मळा सोडून शहरात आल्यावर अंगमेहनतही घटली, पांढरा पाव आला. एकट्या साखरेला फाशी देणं अन्यायाचं होईल.

पण मग मॉरिशसचं काय? कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेल्या गिरमिट्यांचे मराठी वंशज आजही तिथे आहेत, गणपती बसवतात, सरकारी सुट्टी असते. तिथे १९८७ मध्ये मोठी पाहणी झाली. भारतीय वंशाचे हिंदू, मुसलमान, आफ्रिकी रक्ताचे क्रिओल, चिनी, सगळ्यांत मधुमेह १० ते १३ टक्क्यांच्या आसपास. चार वेगळी रक्तं, एक बेट, जवळपास एकच आकडा. आता तिथे पाचातल्या एका प्रौढाला मधुमेह आहे.

आणि आता आपणही डर्बनच्या फार मागे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही निघाले, आणि सगळ्यात वरचा नंबर गोव्याचा, २६.४ टक्के. (गोव्याच्या मावशीकडची मंडळी हे वाचतायत, मला माहीत आहे.) जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, जमलं तर पाच टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, असं २०१५ पासून सांगते आहे. आपल्या घरचा हिशेब मी मांडला. दोन चमचेवाले चार कप चहा, एवढ्यातच तीस-पस्तीस ग्रॅम होतात. बिस्किटं, मुरंबा, वरणातला गुळाचा खडा यात नाही. आजीच्या काळी रेशनची साखर मोजून मिळायची आणि डबा वरच्या फळीवर असायचा. ती आम्हाला कंजूष वाटायची.

डर्बनची गोष्ट अजून संपलेली नाही. दक्षिण आफ्रिकेने १ एप्रिल २०१८ पासून गोड पेयांवर त्यातल्या साखरेच्या प्रमाणात कर लावला. कंपन्यांनी लगेच पेयांतली साखर कमी केली. ऊसवाल्यांनी आरडाओरडा केला की आमचं पीक बुडतंय, गिरण्यांतल्या नोकऱ्या जातायत. २०२३ ची करवाढ सरकारने दोन वर्षं पुढे ढकलली. ऊस पिकवणाऱ्या त्या शेतकऱ्यांत भारतीय वंशाची कुटुंबंही आहेत. मधुमेहाच्या दवाखान्यातल्या रांगेतही त्याच समाजाची माणसं आहेत. म्हणजे कर वाढला तर शेतावर गदा, नाही वाढला तर दवाखान्याची वारी, आणि कधीकधी दोन्ही एकाच घरात.